पगारावरील टाच
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

साथींनो,

आजच्या अभ्यासवर्गासाठी मला देण्यात आलेला विषय वरकरणी रुक्ष आहे: आयकराची थकबाकी आणि तिच्या वसुलीसाठी पगारावर येणारी टाच. मी वकील नाही की करसल्लागार नाही. पक्षाच्या कार्यालयात अनुवादाचे काम करणारा मी एक कार्यकर्ता आहे. परंतु गेल्या काही वर्षांत लेख आणि ठराव यांच्या जोडीने माझ्या टेबलावर आयकर खात्याची पत्रेही येऊ लागली आहेत. ज्यांच्याविरुद्ध ती निघतात त्यांना त्यांतील इंग्रजी उमगत नाही आणि ज्यांना ते उमगते त्यांची फी या लोकांना परवडत नाही. कलमांचा अनुवाद करता करता मला जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रारंभी एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक कामगार साथी कार्यालयात आले. वय पन्नाशीच्या पुढचे. यंत्रावर तीस वर्षे काढलेला माणूस. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे उलगडला आणि खालच्या आवाजात विचारले, "कॉम्रेड, यात मला अटक करणार असे लिहिले आहे काय?"

अटकेचा त्यात उल्लेख नव्हता. ते पत्र त्यांना लिहिलेलेही नव्हते. ते त्यांच्या मालकाला लिहिलेले होते. लेखा विभागातील कारकुनाने त्याची प्रत त्यांच्या हातावर ठेवली होती. या कर्मचाऱ्याकडे दोन वर्षांच्या आयकराची थकबाकी आहे, ती त्याच्या पगारातून कापून सरकारी खजिन्यात भरावी, एवढाच त्याचा मथितार्थ. मालकाने आज्ञापालनात कसूर केली नव्हती. त्या महिन्यात या साथींच्या हाती पगाराचा जेमतेम चौथा हिस्सा पडला होता. घरभाडे दिल्यावर किराण्याची उधारी राहिली होती आणि धाकट्या मुलाच्या कॉलेजची फी भरायची राहिली होती.

ते पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, "हा कर मी भरलेला आहे. दर महिन्याला कापत होते. पगाराच्या चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे."

साथींनो, ते अक्षरशः खरे बोलत होते. आजच्या माझ्या भाषणाचे सारही त्या एका वाक्यात आहे. ज्या दिवशी मालकाने पगारातून कर कापला, त्या दिवशी कामगाराचा कर भरला गेला. तो पैसा पुढे खजिन्यात पोहोचला की मालकाच्या खिशात राहिला, हा हिशेब सरकार आणि मालक यांच्यातला आहे. कायदाही हेच म्हणतो. मात्र कायदा म्हणतो म्हणून ते आपोआप घडत नाही.

मग त्यांच्यावर टाच आली कशी? २०१६-१७ आणि २०१७-१८ या दोन वर्षांत ते ज्या कारखान्यात होते, तेथे जादा कामाचा मोबदला आणि वेतनकराराची थकबाकी मिळून त्यांचे उत्पन्न करपात्र झाले होते. दरमहा उगमस्थानी कर कापला जात होता. मालकाने तो कापला, परंतु सरकारकडे भरला नाही. पुढे कारखानाच बंद पडला. या साथींचे विवरणपत्र नाक्यावरच्या एका एजंटाने भरले. त्यात कापलेला कर दाखवला होता. बंगळूर येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रातील संगणकाने तो आकडा खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिला. नोंदीत काही आढळले नाही. संगणकाच्या लेखी कर भरलेलाच नव्हता. त्याने व्याजासह मागणी काढली. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १४३(१) खालील असे सूचनापत्र हीच कायद्याने मागणीची नोटीस मानली जाते. ती गेली ई-मेलने, आणि ई-मेलचा पत्ता होता त्या एजंटाचा! पुढच्या एका वर्षी त्यांना मिळावयाचा परतावा कलम २४५ खाली या मागणीत वळता करून घेण्यात आला. ती सूचनाही एजंटाच्याच पत्त्यावर गेली. सरतेशेवटी नव्या मालकाला पत्र आले, आणि या माणसाला आपल्यावरील 'थकबाकी'चा शोध पगाराच्या दिवशी लागला.

हा केवळ एका माणसाच्या निष्काळजीपणाचा परिणाम आहे असे समजू नये. कर कापणारा एक, भरणारा तोच, नोंद करणारे यंत्र दूरचे, नोटीस परक्या भाषेतली आणि परक्या पत्त्यावरची. अशा व्यवस्थेत ज्याच्या हाती काहीच नाही तोच शेवटी सापडतो, कारण त्याचा पगार दर महिन्याला ठराविक दिवशी, ठराविक जागी सापडतो.

आता कायद्याकडे वळू. वसुलीच्या पायऱ्या नीट लक्षात ठेवल्या पाहिजेत, कारण प्रत्येक पायरीवर बचावाची एक जागा आहे.

पहिली पायरी मागणीची नोटीस. कलम २२० प्रमाणे नोटीस बजावल्यापासून सामान्यतः ३० दिवसांत रक्कम भरावी लागते. त्यानंतर दरमहा किंवा महिन्याच्या भागाला १ टक्का व्याज चढते, आणि करदाता 'कसूरदार' ठरतो. परंतु याच कलमाच्या पोटकलम (३) नुसार त्या मुदतीच्या आत अर्ज केल्यास मुदत वाढवून देण्याचा किंवा हप्ते बांधून देण्याचा अधिकार निर्धारण अधिकाऱ्याला आहे. अपील दाखल केले असेल, तर ते निकालात निघेपर्यंत करदात्याला कसूरदार न मानण्याचा अधिकार पोटकलम (६) देते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या ज्ञापनानुसार अशा स्थगितीसाठी सर्वसाधारणपणे वादग्रस्त मागणीच्या २० टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे पहिले ३० दिवस हे सर्वांत मोलाचे असतात, आणि आपल्या साथींचे नेमके तेच दिवस वाया जातात.

दुसरी पायरी टाच. कलम २२६(२) प्रमाणे पगार देणाऱ्याला पत्र पाठवून पुढील पगारांतून थकबाकी कापण्यास फर्मावता येते. तसे पत्र आल्यावर मालकाला ते मानावे लागते. परंतु त्याच पोटकलमाला एक परंतुक जोडलेले आहे, आणि ते माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही मालकाने वाचलेले नव्हते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यात पगाराचा जो भाग जप्तीपासून मुक्त असतो, तो या वसुलीपासूनही मुक्त राहील, असे ते परंतुक सांगते. पत्रात ही मर्यादा लिहिलेली नसली तरी कायद्यात ती आहेच.

तो मुक्त भाग कोणता? त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चे कलम ६० पाहावे लागते. निर्वाहखर्चाचा हुकूमनामा सोडला, तर पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग यांवर टाच आणता येत नाही. उदाहरण घेऊ. एखाद्याचा पगार ३१,००० रुपये आहे. पहिले १,००० वगळले, उरले ३०,०००. त्यांचे दोनतृतीयांश म्हणजे २०,००० सुरक्षित. एकूण २१,००० रुपयांना हात लावता येत नाही. कापता येतील ते फार तर १०,०००. आमच्या साथींच्या बाबतीत प्रमाण नेमके उलटे झाले होते: जे राहायला हवे होते ते गेले आणि जे जाऊ शकले असते तेवढेही हाती राहिले नाही.

जाता जाता एक सांगतो. पूर्वी हा पहिला आकडा ४०० रुपयांचा होता. २००२ सालापासून तो १,००० झाला आणि तेथेच थांबला. इतक्या वर्षांत धान्य, तेल, घरभाडे सारे चढले. कामगाराच्या चुलीसाठी कायद्याने राखून ठेवलेला आकडा मात्र हलला नाही.

त्याच कलम ६० मध्ये याहून महत्त्वाची एक तरतूद आहे. मजूर आणि घरकामगार यांची मजुरी जप्तीपासून पूर्णतः मुक्त आहे. स्पष्टीकरणात 'मजुरी'मध्ये बोनसचा आणि 'मजूर' या शब्दात कुशल, अकुशल व अर्धकुशल अशा तिन्ही प्रकारच्या श्रमिकांचा समावेश केलेला आहे. पगाराची एकतृतीयांश कपात ज्यांना लागू पडते ते पगारदार कोण आणि ज्यांची मजुरी संपूर्ण मुक्त आहे ते मजूर कोण, हे हुद्द्याच्या नावावरून न ठरता कामाच्या स्वरूपावरून ठरते. यंत्रावर हाताने काम करणाऱ्या माणसाने हा मुद्दा लेखी मांडलाच पाहिजे. न मांडलेला हक्क अधिकारी स्वतः होऊन देत नाही. भविष्य निर्वाह निधीतील रक्कमही या कलमाने जप्तीबाहेर ठेवलेली आहे.

याशिवाय वेतनविषयक कायद्याची एक मर्यादा आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता आली. तिच्याही कलम १८ प्रमाणे कोणत्याही वेतनकालावधीत सर्व प्रकारच्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक होता कामा नयेत. भविष्य निधी, सोसायटीचा हप्ता, व्यवसाय कर हे सारे आधीच कापले जात असताना वर ही टाच आली, तर बेरीज करून पाहणे हे संघटनेच्या प्रतिनिधीचे काम आहे.

तिसरी आणि सर्वांत धोक्याची पायरी बँकेची. कलम २२६(३) प्रमाणे बँकेला नोटीस देऊन खात्यातील रक्कम वळती करून घेता येते. पगार खात्यात जमा झाला की त्याच्यावरचा 'पगार' हा शिक्का जणू पुसला जातो. बँकेच्या कारकुनाला दिसते ती केवळ शिल्लक. म्हणून मालकाला पत्र आल्याचे कळताच बँकेच्या नोटिशीची वाट पाहू नये. त्याच दिवशी अर्ज तयार करावा.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. कर कापला गेला, परंतु भरला गेला नाही, तर काय? १९६१ च्या कायद्याचे कलम २०५ स्पष्ट आहे. ज्या उत्पन्नातून उगमस्थानी कर कापण्यात आला आहे, त्या कापलेल्या रकमेपुरती करदात्याकडे थेट मागणी करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली एका पगारदाराच्या प्रकरणात हेच सांगितले: मालकाने दाखला दिला नसला आणि रक्कम भरली नसली, तरी वसुली मालकाकडूनच झाली पाहिजे. २०२१ साली गुजरात उच्च न्यायालयाने बंद पडलेल्या एका विमान कंपनीतील वैमानिकाला याच न्यायाने संरक्षण दिले. प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५ चे पत्र आणि ११ मार्च २०१६ चे ज्ञापन काढून अशा मागण्या सक्तीने वसूल करू नयेत, असे आपल्या अधिकाऱ्यांना बजावले आहे.

मग तरीही टाच येते कशी? कारण त्या सूचनांनी सक्ती थांबवली, मागणी पुसली नाही. संगणकाच्या खात्यावर ती तशीच उभी राहते आणि पुढच्या परताव्यांना गिळत बसते. हीदेखील मागच्या दाराने केलेली वसुलीच होय, आणि कलम २०५ पुढे ती टिकत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले. निर्णय असे सलग आहेत. परंतु ज्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले त्यांना ते मिळाले. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली हे दार उघडते. टाच आणणाऱ्या कलमाचाही क्रमांक २२६ च आहे. दोन्ही २२६ आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असावेत.

दुसऱ्या बाजूला मालकाविरुद्ध कायद्याने खात्याला कोणती हत्यारे दिली आहेत ते पाहा. कलम २०१ प्रमाणे कर कापून न भरणारा मालक स्वतः कसूरदार ठरतो, त्याला दरमहा दीड टक्का व्याज लागते, आणि त्या रकमेचा बोजा त्याच्या सर्व मालमत्तेवर चढतो. कलम २७६-बी मध्ये ३ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद करण्यात आली. एवढी हत्यारे म्यानात ठेवून ज्याने एकदा कर दिला आहे त्याच्याच पगारावर टाच आणली जाते, याचे कारण कायद्याच्या दौर्बल्यात सापडत नाही. बंद कारखान्याच्या मालकाला शोधावे लागते. कामगार मात्र सकाळच्या पाळीला फाटकापाशी आपणहून हजर असतो. वसुली सोप्या वाटेने वाहते, आणि ती वाट अडवणे हे संघटनेचे काम आहे.

करधोरणाची दिशाही याला पूरक राहिली. मृत्यूनंतरच्या संपत्तीवरील कर १९८५ साली गेला, संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणण्यात आला; त्यापायी सोडाव्या लागणाऱ्या महसुलाचा अंदाज खुद्द अर्थमंत्र्यांनी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सांगितला होता. हे आकडे ज्या वहीत लिहिले जातात, त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर आपल्या साथींची थकबाकी लिहिलेली आहे.

परंतु साथींनो, आपण प्रामाणिकपणे हेही मान्य केले पाहिजे की प्रत्येक मागणी खोटी नसते. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली आणि दोन्ही मालकांनी स्वतंत्रपणे सूट धरली, तर कर खरोखरच कमी कापला जातो. वेतनकराराची थकबाकी एकरकमी मिळाली, तर कलम ८९ ची सवलत मिळते. मात्र त्यासाठी फॉर्म १० ई भरावा लागला, आणि तो न भरल्यामुळे कित्येकांच्या नावे मागणी निघाली. काही एजंट खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून देतात, त्यातला हिस्सा घेतात आणि नोटीस आली की नाहीसे होतात. अशा वेळी देणे खरे असेल तर ते नाकारू नये. उत्पन्न, घरखर्च, कर्जाचे हप्ते यांचा कागद जोडून हप्ते मागावेत. लपून बसलेल्या माणसाला टाच गाठते. समोर येऊन हप्ते बांधून घेणाऱ्याच्या घरी निदान महिन्याचा किराणा येतो.

आणि जुन्या मागण्यांपैकी कित्येक तपासणीत टिकत नाहीत, हे सरकारलाही मानावे लागले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या प्रत्यक्ष कराच्या मागण्या मागे घेण्यात आल्या. म्हणून फार जुनी मागणी दाखवली गेली, तर ती या सवलतीत बसते की नाही हे प्रथम पाहावे.

व्यवहारात करायच्या गोष्टी थोड्या आहेत. पगाराची प्रत्येक चिठ्ठी आणि बँकेचे पासबुक जपून ठेवा. कलम २०५ चा सारा आधार कपातीच्या पुराव्यावर उभा आहे. दर तीन महिन्यांनी खात्याच्या संकेतस्थळावरील आपला करनोंदीचा तक्ता, म्हणजे आजवर फॉर्म २६ एएस म्हणून ओळखला गेलेला कागद, उघडून मालकाने रक्कम भरली आहे की नाही ते पाहा. ती भरलेली नसेल, तर कारखाना चालू आहे तोवरच संघटनेने हा प्रश्न उचलावा. कुलूप लागल्यानंतर फार उशीर होतो. विवरणपत्रात ई-मेल आणि मोबाईल स्वतःचाच द्या. मालकाला टाचेचे पत्र आल्यास त्याच्याकडे कलम ६० चा हिशेब लेखी मागा आणि त्याची प्रत निर्धारण अधिकाऱ्याला द्या. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

इंदूर, बडोदे, भिलई, हैदराबाद, दिल्ली येथील मराठी साथींसाठी एक खुलासा करतो. व्यवसाय कर राज्याराज्यांत वेगळा आहे. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने आहे, दिल्लीत तो नाही. आयकर मात्र केंद्राचा असल्याने मी सांगितलेली कलमे सर्वत्र सारखी आहेत. १ एप्रिल २०२६ ही २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमाच्या अंमलाची तारीख असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. परंतु त्याआधीच्या वर्षांच्या थकबाकीचा विचार जुन्या कायद्यानेच करावयाचा आहे.

आता त्या साथींचे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही दोन पानांचा अर्ज केला. चोवीस महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, पासबुकाची पाने, कलम २०५, मंडळाची दोन्ही पत्रे आणि कलम ६० चा हिशेब सोबत जोडला. संघटनेचे दोन प्रतिनिधी त्यांच्याबरोबर तीन वेळा आयकर कार्यालयात गेले. चौथ्या महिन्यात मालकाला दिलेले पत्र मागे घेण्यात आले. दरम्यान कापलेली रक्कम आणि वळता केलेला परतावा त्यांना अद्याप मिळालेला नाही. त्यासाठी आमचा पत्रव्यवहार चालू आहे. तेव्हा हा संपूर्ण विजय आहे असे मी म्हणणार नाही.

परंतु पत्र मागे घेतल्याच्या दिवशी ते पुन्हा कार्यालयात आले, आणि या वेळी त्यांच्याबरोबर त्याच बंद कारखान्यातील आणखी चौघे होते. चौघांच्याही हातात घडी घातलेले कागद होते. पहिल्याने कागद पुढे केला तेव्हा आमच्या साथींनीच त्याला विचारले, "पगाराच्या चिठ्ठ्या आणल्यास का?"

हा प्रश्न आपल्या प्रत्येक शाखेत विचारला जावा, एवढीच विनंती करून मी माझे भाषण पूर्ण करतो.